एका ओळीची कॅसेट

विचुंबे, नवीन पनवेल
११ ऑक्टोबर १९९४

प्रिय कुमुद,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. ते मी फ्रिजवर ठेवलंय आणि येता-जाता त्याला वळसा घालून जातेय. एकोणीस फेब्रुवारीला, आपल्या गुरू मालूबाईंच्या पुण्यतिथीला, मला गायला पाऊण तास! मंडळात कोणाकोणाशी भांडलीस ते तू लिहिलं नाहीस, पण तुझा पदर खोचलेला अवतार मला इथून दिसला.

अगं, पण मला जमेल का? सात वर्षं झाली. तेच सभागृह, तोच मुलतानी राग. वर चढत चढत निषादापर्यंत पोचले, षड्जाला एकच पायरी उरली, आणि पाय उचलेना. किती वेळ तिथे घुटमळले देव जाणे. मग मागे तंबोऱ्यावर बसलेल्या तूच षड्ज लावलास, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्यानंतर माणसांसमोर तोंड उघडलेलं नाही. आमचे कमलाकरराव म्हणतात, जा की, सगळे ओळखीचेच तर असणार. ओळखीचे असतात म्हणूनच जीव जातो, हे त्यांना कोण सांगणार.

रियाज दुपारी तीन ते पाच. हे बेलापूरला ऑफिसात, अनुया शाळेत. पण शेजारी तीन मजली इमारत उठतेय, आणि तिथे नेरे गावापलीकडच्या ठाकरवाडीतल्या बाया घमेली वाहतात. त्यातली एक गाते. गाते कसली, तीन सुरांची एकच ओळ तासन्‌तास दळते. सूर धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. काल मी खिडकी आपटली तर खालून कोणीतरी हसलं.

सांग, येऊ की नको?

तुझी,
सुमती


पुणे
२० ऑक्टोबर १९९४

प्रिय सुमे,

‘येऊ की नको’ हे पुन्हा लिहिलंस तर पनवेलला येऊन तुझ्या झिंज्या उपटीन. पत्रिका छापायला टाकलीय. आता माघार नाही.

आणि त्या बाईचं काय घेऊन बसलीस? मुकादमाला सांग. दुपारचे दोन तास गप्प राहायला त्यांचं काय जातंय? कानावर रोज बेसूर पडू देणं म्हणजे दुधात मिठाचा खडा, असं बाई म्हणायच्या ते विसरलीस वाटतं.

त्या दिवसाचं किती मनाला लावून घेशील? तू अडलीस, मी सावरलं. गुरुबहिणी एकमेकींसाठी एवढं करतातच. मी षड्ज लावला नसता तर पुढच्या रांगेतली मंडळी उठून चहाला गेली असती. तू कधी आभार मानले नाहीस, पण ते जाऊ दे. मुलतानीच गा. पडलो तिथूनच उठायचं असतं.

दिवाळीचा फराळ पाठवतेय. चकल्या या वर्षी कडक झाल्यात, नावं ठेवू नकोस.

कुमुद


विचुंबे
२८ नोव्हेंबर १९९४

प्रिय कुमुद,

चकल्या संपल्या. अनुयाने कडक आहेत म्हणत म्हणत डबा रिकामा केला. उत्तराला उशीर झाला, पण झालंय असं की वाचून तूच कपाळाला हात लावशील.

मुकादमाला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून चिडीचूप. मी तंबोरा जुळवून बसले, आणि काहीच होईना. उठून खिडकी उघडायची, लावायची, पाणी प्यायचं, पुन्हा बसायचं, असे आठ दिवस. त्यात अनुया! गृहपाठ करताना ती त्या बाईची ओळ गुणगुणत होती, आणि अगदी त्याच तिरप्या सुरात. माझ्या पुढ्यात सहा महिने बसवून तिच्या गळ्यात साधा भूप उतरला नाही. मी ओरडले तर म्हणते, ‘मी कुठे काय म्हणतेय?’ तिला पत्ताच नव्हता.

मग गेल्या मंगळवारी दार वाजलं. दारात तीच बाई. ठकी तिचं नाव. पस्तिशीची असेल. पायांना सिमेंट, आणि पदरात बांधून आणलेले रानातल्या करांद्याचे कंद. ते माझ्यापुढे ठेवून तिनं विचारलं, “बाय, कोन गेला तुज्या घरातला?”

मला अर्थच लागेना. मग तिनेच सांगितलं. मी रोज दुपारी रडते, हे त्या सगळ्या जणी ऐकत होत्या. शब्द नाहीत, नुसता लांबलांब आवाज, असं माणूस आणखी कशाला करेल? त्यात मुकादमाने वरच्या बाईंना त्रास होतो, गाऊ नका, म्हटल्यावर त्यांची खात्रीच पटली की घरात सुतक आहे. सुतकाच्या घराशेजारी आपण लग्नाचं गाणं म्हणत राहिलो, म्हणून ती माफी मागायला आली होती, कुमुद. माझी!

मी म्हटलं, अगं, रडत नाही, गाते मी. तर म्हणाली, कोनाच्या लग्नाचा? कोणाच्याच नाही. “मंग कशाला?”

बारा वर्षं बाईंकडे काढली आपण, आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. चहा केला. वाडीतल्या लग्नांत गाणं म्हणणारी तीच आहे. आधी तिची सासू गुणाबाई म्हणायची, तिच्याकडून शिकली. गुणाबाईला आता दम पुरत नाही, आणि दोन महिन्यांनी पुतणीचं, मनिषाचं लग्न आहे, म्हणून ठकी कामावर घोकत असते. म्हणजे तिच्या रियाजाला माझा त्रास नव्हता, माझ्या रियाजाला तिचा होता. लाज वाटली मला. तशीच खाली जाऊन मुकादमाला सांगून आले, गाऊ द्या म्हणून.

आता ती तिकडे गाते, मी इकडे. काल लक्षात आलं, ती थांबली की मीही थांबते. भीती वाटते गं. कान बिघडतोय का माझा?

सुमती


पुणे
९ डिसेंबर १९९४

प्रिय सुमे,

बिघडतोय काय, बिघडला! तरी पत्र वाचून इतकी हसले की शांतीने, माझ्या त्या नव्या शिष्येने, आतून येऊन विचारलं काय झालं म्हणून. मालूबाईंच्या मुलतानीला सुतकाचं रडणं म्हणणारी पहिलीच रसिक भेटली.

पण एक कल्पना सुचलीय. आमच्या शनिवारच्या श्रवणवर्गात जानेवारीत लोकसंगीत ठेवलंय. तू ठकीचं गाणं टेप करून पाठव. पंखा बंद, कुकर बंद, खिडक्या बंद. तिला नीट बसव, घाई करू नकोस, आणि पूर्ण बाजू भर. मंडळींना कळू दे, आमची सुमती तिकडे नुसती झोपा काढत नाहीय. फेब्रुवारीपूर्वी तुझं नाव चार लोकांच्या तोंडी आलं तर बरंच आहे.

कुमुद


विचुंबे
२२ डिसेंबर १९९४

प्रिय कुमुद,

सोबत कॅसेट. ठकी धुतलं लुगडं नेसून आली होती. दिवाणखान्यात खुर्ची दिली, टीव्हीवर चादर टाकली, टू-इन-वन समोर ठेवला. ती सुरू झाली आणि अर्धा तास गात राहिली. मधूनमधून माझ्याकडे बघायची. मी मानेने ‘चालू दे’ म्हणायची. शब्दांतलं ‘धरतरी’ तेवढं मला कळलं. टेपचं बटण खट्‌ करून उडालं तेव्हा तिनं कपाळाचा घाम पुसला आणि पाणी मागितलं. चेहरा पार उतरला होता बिचारीचा.

आवडलं असं म्हणवत नाही. पण अर्धा तास मी जागची हलले नाही, आणि हल्ली मी पाच मिनिटं एका जागी बसत नाही हे यांना विचार.

सुमती


पुणे
८ जानेवारी १९९५

सुमती,

काल माझी शोभा झाली. चौदा लोक सतरंजीवर बसलेले. मी दहा मिनिटं प्रास्ताविक केलं. कॅसेट लावली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तीच ओळ. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, बाई, फीत अडकलीय का बघा. मी मूर्खासारखी उठून बघितली. फीत नीट फिरत होती. मग जे हसू फुटलं ते शेवटपर्यंत आवरलं नाही कोणाला.

तू तिथे समोर बसली होतीस ना? तुला कळलं नाही, ही एकच ओळ म्हणतेय? हे गाणं नव्हे, हट्ट आहे नुसता. आणि तू लिहितेस, जागची हलले नाही! तुझा कान बिघडलाय असं मी थट्टेत म्हटलं होतं. आता काळजीने म्हणते. सव्वा महिना उरलाय. खिडकी लाव, आणि बाईंच्या जुन्या कॅसेटींखेरीज काही ऐकू नकोस.

कुमुद


विचुंबे
३१ जानेवारी १९९५

प्रिय कुमुद,

तुझ्या पत्राचा राग आला, मग पटलं, मग पुन्हा राग आला. पंधरा दिवस खिडकी लावून बसले. आणि मग शुक्रा, म्हणजे ठकीचा नवरा, लग्नाचं बोलावणं घेऊन आला. मी गेले. नेऱ्यापर्यंत जीप, पुढे तासभर चढ. तू शिव्या घाल, पण आधी वाच.

सकाळी दहाची वेळ. घराची भिंत शेणा-गेरूने सारवून ठेवलेली. लग्नाआधी त्या भिंतीवर चौक काढतात, तांदळाच्या पिठाने, बारीक काडीने. काढणारी दिपा नावाची सवाष्ण, आणि तिच्या पाठीशी जमिनीवर ठकी. गाताना ठकी माणसांकडे बघतच नाही, तिची नजर दिपाच्या हातावर. पहिली ओळ सुरू झाली, माझ्या कॅसेटवरची. दिपाने पहिली रेघ ओढायला घेतली. सबंध भिंतभर रेघ जायची, हात हळू, काडी सारखी पिठात बुडवायची. तोवर ठकी तीच ओळ म्हणतेय. रेघेला रेघ मिळाली, कोपरा पुरा झाला, आणि ठकीने दुसरी ओळ उचलली. कुमुद, तीनच सूर आहेत, पण दुसरी ओळ येते तेव्हा दार उघडल्यासारखं होतं.

पुढे दिपाचं तान्हं रडायला लागलं. ती काडी ठेवून त्याला पाजायला गेली. वीस मिनिटं तरी गेली असतील. ठकी तीच ओळ म्हणत राहिली. कोणी घड्याळ बघितलं नाही, कोणी हसलं नाही. बाया तिच्या सुरात सूर मिसळत होत्या, बोलत होत्या, भाजी चिरत होत्या. दिपा परत आली, चित्र पुरं केलं, गाणं पुढे गेलं.

दुपारी ठकीला मी एका बाजूला घेतलं. विचारलं, माझ्या घरी अर्धा तास एकच ओळ का म्हणालीस गं? ती म्हणाली, “बाय, तू काय काडलाच नाय. मंग मी म्होरं कशी जाऊ?”

ती माझी वाट बघत होती, कुमुद. मी भिंतीकडे जाईन, काहीतरी काढीन, म्हणून ती पुन्हा पुन्हा माझ्याकडे बघत होती. आणि मी तिला खुर्चीत बसवून मान डोलावत होते.

तुला आठवतं, आपण दोघी पहिल्यांदा बाईंकडे गेलो तेव्हा त्यांचा आलाप ऐकून परकराचे बोळे तोंडात कोंबून हसत होतो? बाईंनी हाकललं नाही. वर्षभर नुसतं ऐकायला बसवलं. किती दुपारी गेल्या तेव्हा कुठे त्यात गोडी लागली. ठकीला आपण काय दिलं? चौदा लोक आणि एक सतरंजी.

परत येताना जीपमध्ये मला रडू यायला लागलं, आणि ते ठकीसाठी नव्हतं. आता सांगूनच टाकते. सात वर्षं मी तुझ्यावर रागावलेली आहे. तू सावरलंस असं सगळे म्हणतात, तूही म्हणतेस, मीही म्हणत आले. पण मी त्या निषादावर होते, आणि तू पुढे गेलीस. माझा हात अर्ध्या रेघेवर होता गं. टाळ्या पडल्या त्या तुझ्या षड्जाला. त्यानंतर मी गाणार कुठून?

मी गाईन. मुलतानीच गाईन. तंबोऱ्यावर तूच बस. मी अडले तर अडू दे, पण तू पुढे जाऊ नकोस. एवढं कबूल असेल तरच कळव.

सुमती


पुणे
७ फेब्रुवारी १९९५

सुमती,

सात वर्षं मनात ठेवलंस, आणि दर दिवाळीला माझा फराळ खाल्लास. छान.

बाईंचं नाव जाऊ नये म्हणून मी तो षड्ज लावला होता. त्याचं हे फळ मिळालं. तंबोऱ्यावर शांती बसेल. ती नवीन आहे, तोंड उघडायची नाही. कार्यक्रम चारला, साडेतीनला पोच.

कुमुद


पुणे
३ मार्च १९९५

प्रिय सुमे,

आयत्या वेळी शांतीच्या हातातून तंबोरा मी काढून घेतला. तू मागे वळून पाहिलंस आणि पुन्हा समोर तोंड केलंस. मला वाटलं होतं, निदान डोळे वटारशील. शांतीला मी अजून कारण दिलेलं नाही, मला तरी कुठे ठाऊक आहे.

तू चढत गेलीस. निषादावर आलीस आणि थांबलीस. पुन्हा निषाद. पुन्हा तोच. पुढच्या रांगेत एकाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, एका बाईने पर्स उघडून उगाच काहीतरी शोधलं. तबलजी माझ्याकडे बघतोय. सुमे, षड्ज माझ्या दातांमागे तयार होता. मी जीभ चावली, खरोखर चावली, दोन दिवस तिखट खाता आलं नाही. तुझं पत्र डोळ्यांसमोर होतं आणि मला तुझा भयंकर राग येत होता.

आणि इतकं करून तू षड्जाला गेलीच नाहीस! त्याला न शिवता खाली उतरलीस, सावकाश, पंचमावर टेकत. चूक म्हणता येणार नाही, पण बाईंनी असं कधी शिकवलं नाही. टाळ्या पडल्या त्या सभ्यपणाच्या. अध्यक्ष म्हणाले, तयारी कमी पडली. मी मान डोलावली. तू एसटीला निघालीस तेव्हा मी चपला शोधण्याचं नाटक करत राहिले, हे तुला कळलं असणारच.

कार्यक्रमाची कॅसेट मंडळाकडून आणली. पहिल्यांदा ऐकली, राग आला. दुसऱ्यांदा ऐकली ती तुझ्या चुका लिहून काढायला. पानभर निघाल्या, पाठवत नाही. तिसऱ्यांदा शांतीने लावली. चौथ्यांदा काल, मेथी निवडताना. ती जागा आली, आणि मी षड्जाची वाट बघत नव्हते. तू उतरायची बघत होते. जुडी तशीच हातात राहिली.

मग इरेला पेटून तुझ्या ठकीची कॅसेटही पुन्हा लावली. ती मला अजून बेसूरच वाटते. खोटं कशाला बोलू? मी ती भिंत पाहिलेली नाही.

पण एक विचारायचंय. सात वर्षांपूर्वी तू निषादावर अडली होतीस, की थांबली होतीस? मी मागे बसले होते, तुझा चेहरा मला दिसत नव्हता. अडलीस असं मीच ठरवलं, आणि तुला कधी विचारलं नाही. आता विचारतेय. मला बरं वाटावं म्हणून काहीबाही लिहू नकोस, खरं काय ते सांग.

कुमुद


(कार्ड)
विचुंबे
१२ मार्च १९९५

प्रिय कुमुद,

शेजारची इमारत पुरी झाली, बाया दुसऱ्या कामावर गेल्या. दुपारी सुनं सुनं वाटतं, पण रियाज चालू आहे. अनुयाची परीक्षा संपली की दोघी येऊ, चार दिवस राहू.

विचारलंस म्हणून सांगते. अडलेच होते गं. पण मला अजून थोडा वेळ अडू द्यायला हवं होतंस.

सुमती